तांब्याची पट्टी लाटताना दाब आणि ओढ दोन्ही कमी करण्याचा प्रयत्न

हाताने फिरवायच्या दोन रुळांच्या मिलवर तांब्याची पट्टी न तापवता ०.१ मिलिमीटरपर्यंत लाटण्याचे माझे काम ०.१५ वर अडले होते. पट्टी पातळ आणि कडक होत गेली की वाढत्या दाबाने ५० मिलिमीटर व्यासाचे रूळच किंचित चपटे होतात, त्यामुळे त्यांचा पट्टीशी स्पर्श लांबतो आणि दाब आणखी चढतो. मग रुळांमधली फट कमी करणारा स्क्रू कितीही आवळला तरी जाडी उतरत नाही. पट्टी लालसर तापवून नरम केल्यावर एक-दोन फेऱ्या सुटतात, पण मूळ अडचण जात नाही.

आधी मी ओढीचा मार्ग धरला. पट्टी आत शिरते त्या बाजूला तिला नमदा लावलेल्या लाकडी चिमट्यात रोखून धरले, तेव्हा हँडल स्पष्टपणे हलके झाले. मागून ताण असला की धातू पसरवण्यासाठी रुळांना द्यावा लागणारा दाब उतरतो, आणि पुढच्या ओढीपेक्षा ही मागची ओढ अधिक परिणामकारक असते. परंतु कडेला कात्रीची बारीक चीर राहिलेली पट्टी दोनदा तिथेच तुटली.

म्हणून आता त्याच रुळांच्या मध्ये १६ मिलिमीटर व्यासाचे, कठीण केलेल्या पोलादाचे दोन रूळ बसवले आहेत. स्पर्शाची लांबी ढोबळमानाने त्रिज्या आणि जाडीतील घट यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते, ०.०४ मिलिमीटर घटीसाठी ती पूर्वी १ मिलिमीटर येत होती, आता ०.५७ येते. मोठे रूळ आधार देतात आणि फिरवतातही, त्यामुळे हँडल त्याच दिशेने फिरवले तरी पट्टी आता उलट बाजूने बाहेर पडते, हे पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आले नव्हते.

एक गोष्ट मात्र जपावी लागते. पट्टी स्वतःहून पकडली जावी यासाठी जाडीतील घटीची मर्यादा म्हणजे घर्षणांकाचा (रूळ आणि पट्टी यांतील घर्षण किती हे सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग गुणिले त्रिज्या. तेल लावून घर्षणांक ०.०५ झाला, तर बारीक रूळ जेमतेम ०.०२ मिलिमीटर घट पकडतो. त्यामुळे मी टोक कोरडे पुसून आधी आत सरकवतो आणि मगच स्क्रू आवळतो.

आज मागची ओढ नाममात्र ठेवून ०.१२ गाठले. बारीक रूळ अजून आडवे वाकतात. सेंझिमिर मिल या पातळ पत्रा लाटण्याच्या, पुष्कळ रुळांच्या यंत्रामध्ये प्रत्येक कामाच्या रुळामागे दोन, तीन आणि चार अशा आधारांच्या ओळी असतात, त्या याचसाठी. मला एवढे जमणार नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना छोटे बेअरिंग लावून पाहणार आहे.