बुधवार, रात्री आठ

२१ फेब्रुवारी २०२४. भुसावळच्या घरी सकाळचा चहा घेत होतो, तेवढ्यात शाळेतल्या बाकमित्राचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाला, "अरे, अमीन सयानी गेले." आदल्या दिवशी, मंगळवारी, मुंबईत हृदयविकाराने गेले. वय ९१. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. मग तोच म्हणाला, "आज वार कोणता आहे, पाहिलं का?"

बुधवार होता.

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा इमारत, मैदान, वडाखालची प्रार्थना हे सगळं डोळ्यांपुढे आलं. पण त्यावर माझ्याहून चांगलं लिहिणारे आहेत. मला लिहायचं आहे ते अमीन सयानी या रेडिओ निवेदकाबद्दल. ते आपल्या शाळेत कधी आले नाहीत, आपलं गावही त्यांनी कधी ऐकलं नसेल. तरी १९६७ ते १९७३ या सहा वर्षांत आपल्या शाळेने मला जे दिलं, त्यातलं निम्मं त्यांच्या आवाजातून आलं. आणि तो आवाज माझ्यापर्यंत आणला आपल्या हिंदीच्या सरांनी.

सर मारुतीच्या देवळामागे एका खोलीत भाड्याने राहत. खोलीत एक खाट, पुस्तकांची पेटी आणि मर्फीचा रेडिओ. त्याच्यावर वहिनींनी विणलेलं क्रोशाचं आवरण, खाली पोस्टातून दरवर्षी शिक्का मारून आणलेलं लायसनचं पुस्तक. माळवदावर दोन बांबूंना बांधलेली जाळीची एरियल. बुधवारी साडेसात वाजल्यापासून आम्ही पोरं ओट्यावर जागा धरायचो. सर काटा हळूहळू सरकवायचे. खरखर, शिट्टी, मध्येच कुठल्या तरी परक्या भाषेतल्या बातम्या, आणि मग एकदम तो आवाज: बहनों और भाइयों! शॉर्टवेव्हचं प्रसारण, त्यामुळे तो कधी अगदी कानाशी यायचा आणि कधी तापीला पूर आल्यावर पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारावी तसा लांब जायचा. लांब गेला की आम्ही सगळे नकळत रेडिओकडे वाकायचो.

हा कार्यक्रम म्हणजे बिनाका गीतमाला, रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री आठला लागणारी, लोकप्रिय हिंदी सिनेगीतं क्रमांकाने ऐकवणारी. ती १९५२ साली सुरू झाली. तेव्हाच्या मंत्र्यांनी, केसकरांनी, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद केली होती आणि सारा देश सिलोनकडे वळला होता, असं सर सांगायचे. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत गेली. आम्हाला वाटायचं, सयानी लंकेत बसून बोलतात. माझ्या आईला तर रावणाच्या लंकेत एवढा गोड बोलणारा माणूस कसा, याचंच नवल. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे मुंबईहून निघालेला आवाज समुद्र ओलांडून लंकेत जायचा आणि तिथून फिरून आमच्या ओट्यावर यायचा.

आता माझी गोष्ट. आमच्या घरात अहिराणी. 'ळ' आम्हाला येतच नव्हता, त्याचा 'य' व्हायचा. शाळा ती शाया, फळा तो फया, डोळे ते डोये. वर्गात सगळेच तसे, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. नववीत असताना सरांनी मला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला नेलं. विषय होता शेतकरी. भाषण पाठ होतं, हातवारेही बसवले होते. मी जोरात म्हणालो, "आमच्या खान्देशची केयी दिल्लीच्या बाजारात जातात." परीक्षकांपैकी एकांनी माईक ओढून घेतला आणि तो शब्द माझ्यासारखा करून दोनदा म्हणून दाखवला. सभागृह हसलं. मी पुढचं भाषण विसरलो आणि खाली उतरलो.

परतीच्या एस.टी.त सर एक शब्द बोलले नाहीत. मीही खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्यानंतर वर्गात मी वाचायला उठायचं बंद केलं. नाव पुकारलं तरी मान खाली.

पुढच्या की त्याच्या पुढच्या बुधवारी सरांनी मला निरोप धाडला: शंभर पानी वही घेऊन ये. गीतमालेची यादी तर बरीच पोरं लिहायची. पायदान, गाणं, गायक, पिक्चर असे रकाने आखून, गुरुवारी सकाळी प्रार्थनेआधी आपापली वही दुसऱ्याच्या वहीशी ताडून बघायची. कुठलं गाणं कितव्या पायदानावर चढलं यावरून भांडणं व्हायची. सर मला म्हणाले, "गाणी सगळेच लिहितात. तू मधलं बोलणं लिही."

गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत सयानी जे बोलत, ते. किती असेल? एका वेळी तीन-चार वाक्यं. पण ती उतरवून घ्यायला लागलो तेव्हा कळलं की हा माणूस काय करतो. तो 'नंबर' म्हणत नाही, पायदान म्हणतो, म्हणजे गाणं आपल्या डोळ्यांसमोर पायरी चढताना दिसतं. वरच्या पायरीचं गाणं आधी सांगून टाकत नाही, त्याच्याभोवती एक फेरी मारून येतो. वाक्य मध्येच थांबवतो आणि त्या थांबण्यात आपल्याला अंदाज करायला वेळ देतो. अवघड शब्द तर शोधूनही सापडत नव्हता. आवाज गेला की मी तिथे ठिपके काढायचो. माझ्या वहीत अशी ठिपक्यांची कितीतरी वाक्यं आहेत.

गुरुवारी मधल्या सुट्टीत सर ती वही बघायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. पहिल्यांदा कोपऱ्यात एकट्याला, मग दोन मुलांसमोर, मग वर्गात. 'ज़रा' म्हणताना मी अडखळलो की म्हणायचे, "अरे, हा तर आपल्या मराठी 'जरा'तलाच ज. तुझ्याकडे आहेच तो." ज़िंदगीतला ज मात्र पंधरा दिवस घेऊन बसला. आणि 'ळ'चं? त्यावर सरांनी एकच केलं. बहिणाबाईंची गाणी आणून माझ्यासमोर ठेवली आणि त्यातला एकेक 'य' दाखवत गेले. म्हणाले, "हे पुस्तक गीतमालेच्याच वर्षी निघालं, ५२ साली. आसोद्याच्या बाईने 'डोये' म्हटलं तर अत्र्यांनी डोक्यावर घेतलं. तू 'ळ' शिक, पण 'य'ची लाज धरू नको."

१९७२ चा दुष्काळ आला. आमच्या भागातल्या विहिरींनी तळ गाठला, वडील आणि आई दोघेही खडी फोडायला जाऊ लागले. घरात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीची, भाकरी. रेडिओचं कसलं कौतुक राहिलंय, असं वाटावं असे दिवस. पण बुधवारची बैठक सरांनी मोडली नाही. उलट त्या वर्षी बायाही यायला लागल्या. आई दिवसभर खडीवर असायची, हाताला फोड आलेले, तरी बुधवारी ओट्याच्या कडेला येऊन बसायची. तिला हिंदी येत नव्हतं, अक्षरओळखही नव्हती. एकदा घरी परत येताना कंदिलाच्या उजेडात ती मला म्हणाली, "हाऊ माणूस पहिले बहिणीस्नं नाव लेस रे." थोडं चालून परत म्हणाली, "माले आपला घरनाच वाटस."

'बहनों और भाइयों'. इतकी वर्षं ऐकत होतो, लिहून घेत होतो, पण बहनों आधी येतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खडी फोडून आलेल्या माझ्या आईच्या लक्षात आलं.

मी १९७३ ला अकरावी मॅट्रिक झालो. पुढे रेल्वेत लागलो आणि काही वर्षांनी भुसावळ जंक्शनच्या चौकशी खिडकीवर आलो. तेव्हा गाड्यांची घोषणा माणूस करायचा, माईकसमोर बसून, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. भुसावळला रूळ फुटतात, एक नागपूरकडे जातो, एक खंडव्यावरून इटारसीकडे. घोषणा नीट कळली नाही तर माणूस भलत्याच गाडीत बसतो आणि रात्र फुकट जाते. कटनी पॅसेंजर लागायची तेव्हा डोक्यावर बोचकी, काखेत पोर घेऊन सातपुड्यातली मजूर कुटुंबं पुलावर पळत सुटायची. ठरलेला मजकूर वाचून झाला की मी माझ्या पदरचं एक वाक्य घालायचो: घाई करू नका, गाडी अजून दहा मिनिटं थांबणार आहे. दोन शब्दांच्या मध्ये थांबायचो. एवढंच. वरिष्ठांनी कधी हरकत घेतली नाही. एकदा एक म्हातारी खिडकीशी आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "तूच बोलस का भाऊ? तुन्हं बोलनं समजस." मला तेव्हा ओट्याच्या कडेला बसलेली आई दिसली.

सयानींविषयी बाकीचं मी हळूहळू वाचत गेलो. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. थोरले भाऊ हमीद त्यांना आकाशवाणीत घेऊन गेले होते. पण दोन गोष्टी वाचल्या तेव्हा मी पुस्तक मिटून तसाच बसलो.

एक म्हणजे त्यांची आई, कुलसुम सयानी. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, नुकतेच अक्षर शिकलेल्या लोकांसाठी, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. भाषा साधी हिंदुस्तानी, नवशिक्याला कळेल अशी. लहानगा अमीन त्या कामात हाताशी असे. म्हणजे आमच्या ओट्यावर बसलेल्या निरक्षर बाईशी कसं बोलायचं, हे हा माणूस त्याच्या आईच्या टेबलाशी बसून शिकला होता. माझ्या आईला तो घरचा वाटला, यात काहीच नवल नव्हतं.

दुसरी गोष्ट अशी, की तरुणपणी आकाशवाणीच्या हिंदी निवेदकाच्या चाचणीत त्यांना नाकारलं होतं. कारण काय, तर उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे. ज्यांचं ऐकून मी माझा ज़ घोटला, त्यांनाही कुणी तरी बोलण्यावरून परत पाठवलं होतं! हे वाचलं तेव्हा सर हयात नव्हते. असते तर त्याच रात्री गाडी पकडून गावी आलो असतो आणि त्यांना ते पान वाचून दाखवलं असतं. सरांना ते माहीत असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो. माहीत असेल तर त्यांनी मला का सांगितलं नाही? का त्यांना वाटलं, याने आधी स्वतःच्या पायावर उभं राहावं?

ती बातमी आली त्या बुधवारी रात्री आठ वाजता मी माळ्यावरून ती वही काढली. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, दोन पानांवर रॉकेलचा डाग आहे. शेवटची नोंद मॅट्रिकच्या परीक्षेआधीच्या बुधवारची. आवाज मध्येच गेला आणि परत आलाच नाही, म्हणून वाक्य अर्धं आहे आणि पुढे ठिपके. त्या ठिपक्यांखाली सरांची लाल शाई: 'पुढचं नंतर. आता अभ्यास.'

ही वही मी शाळेच्या वाचनालयाला देतो आहे. अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनात ती ठेवली जाणार आहे, असं समितीने कळवलं. शाई फिकट झाली आहे, तेव्हा उन्हाच्या बाजूच्या टेबलावर ठेवू नये, आणि मुलांना पानं उलटून बघू द्यावीत.