चीक थांबत नाही: आमच्या शॉर्टफिल्मच्या शूटचा अनुभव

परवा रात्री एडिट लॉक केलं, आता जरा डोकं मोकळं झालंय तर विसरायच्या आत लिहून ठेवते, पुढच्या वर्षी ज्यांना फायनल इयरची फिल्म करायचीय त्यांच्या कामी येईल.

गोष्ट साधी आहे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात आजी गच्चीवर कुरडया घालून राहिली आहे आणि पुण्याला नोकरी लागलेली नात तिला ते सांगायला आलीय. फिल्म 12 मिनिटांची, त्यातली जवळपास पाच मिनिटं गच्चीवरच. आजीसाठी नटी शोधावी लागली नाही, मैत्रिणीच्या सख्ख्या आजीच तयार झाल्या, बडकस चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं घर, म्हणजे लोकेशन, आजी, सोऱ्या सगळं एकाच जागी.

शॉट डिव्हिजन मी अगदी घोटून केलं होतं. गच्चीचे 19 शॉट, आधी मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा एक वाइड शॉट, मग आजीच्या खांद्यावरून नात, मग नातीच्या खांद्यावरून आजी, मग सगळ्यात शेवटी हातांचे क्लोजअप. फक्त एक गोष्ट आजींना विचारायची राहिली, चीक किती वेळ टिकतो. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून गाळून चीक खाली बसू देतात, वरचं पाणी काढून टाकतात आणि मग तो शिजवतात. आजींनी हे सगळं आमच्यासाठी करून ठेवलं होतं. म्हणजे सीन फसला तर रिटेक सरळ तीन दिवसांनी, आणि कॅमेरा आमच्याकडे भाड्याने दोनच दिवस.

पहाटे पाचला स्वयंपाकघरातून सुरुवात केली. तिथे जुनी चोकवाली ट्यूब, मॉनिटरवर काळे पट्टे सरकताना दिसायला लागले. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड घ्यायचा वेळ, 1/60 सेकंदावर राहिलं होतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते, 1/50 मध्ये तिचे बरोबर दोन चढउतार बसतात, तेवढं केलं आणि पट्टे गेले. पण ते सापडेपर्यंत अर्धा तास गेला आणि तिकडे गॅसवर चीक शिजून तयार.

गच्चीवर मास्टरचा पहिला टेक संवाद चुकला म्हणून गेला, दुसरा शेजारच्या कूलरच्या घरघरीमुळे. मे महिन्यात नागपुरात कोणाला कूलर बंद करा म्हणणं सोपं नाही, पण त्या काकूंनी दर टेकला पाच-पाच मिनिटं बंद केला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तिसऱ्या टेकच्या मधेच आजी थांबल्या. "पोरी, चीक थंडा झाला का सोऱ्यातून निघत नाही. तू मशीन लावत बसशील, चीक काही थांबत नाही तुझ्यासाठी."

तेव्हा मी मॉनिटर सोडून त्यांच्या हाताकडे बघितलं. दट्ट्या दाबून दाबून तळहात लाल झाला होता, मनगट थरथरत होतं. तीन टेक मी फ्रेमच बघत होते, दाबायला किती जोर लागतोय हे बघितलंच नाही. याचं मला अजूनही वाईट वाटतं. शूट थांबवलं, त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं. तिकडे धोतरावर घातलेल्या पहिल्या कुरडया कडेने सुकून काचेसारख्या दिसायला लागल्या होत्या, वाइडमधल्या मात्र ओल्या, पांढऱ्या, म्हणजे कंटिन्युइटी, दोन शॉटमधला मेळ, पण गेली.

मार्ग आजींनीच काढला. अर्धा चीक अजून कच्चाच होता, म्हणाल्या उद्या सकाळी दुसरी खेप शिजवू. मग जिन्यात बसून मी आणि कॅमेरावाला मित्र दोघांनी यादीवर काट मारायला घेतली, 19 चे 7 शॉट ठेवले आणि क्रम पूर्ण उलटा केला. चीक गरम असेपर्यंत फक्त आजी आणि त्यांचे हात, संवाद त्यावरच चालू द्यायचे. नातीचे क्लोजअप नंतर, तिच्या चेहऱ्याला चीक थंड झाल्याने काही फरक पडत नाही. खरं तर हे मला शूटच्या आधीच सुचायला हवं होतं, जे संपणारं आहे ते आधी घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या-उजाडल्या गच्चीवर होतो. कॅमेऱ्यावर छत्री, टेक झाला की बंद करून सावलीत, तरी नऊच्या पुढे तापल्याची वॉर्निंग आलीच. हाताचा शॉट 50 सेकंदांचा ठरला होता, पण मी कट म्हटलंच नाही. नातीने "आजी, मी चालली" म्हटलं, आजींचा हात जागेवर थांबला, सोऱ्यातून एक तार खाली लोंबत राहिली, मग त्यांनी तीच तार गोल फिरवून कुरडई पुरी केली. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. कूलर बंद असल्याने सोऱ्याची ती बारीक कुरकूर पण साउंडमध्ये आली. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसता गच्चीचा आवाज घेतला, पारवे आणि लांबून भाजीवाला, एडिटला तोच सगळ्या जोडांखाली पसरलाय.

फिल्म आधी आजींनाच दाखवली, त्यांच्याच घरी लॅपटॉपवर. पूर्ण वेळ काही बोलल्या नाहीत. संपल्यावर तो शॉट परत लाव म्हणाल्या, चष्मा पुसून परत बघितला आणि म्हणाल्या, "ते तार थांबली होती ना, तिथं कुरडई जाड झाली पाह्य."