बियाण्याला बत्ती

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. परीक्षा लांबल्यामुळे बी.एस्सी.चं पीग्लो प्रॅक्टिकल यंदा ऐन मिरगाच्या तोंडावर आलं. ई. कोलाय जिवाणूत जेलीफिशचं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक घालायचं आणि ते शिरलं का बघायचं, एवढंच काम. पेशी बर्फावरून उचलून ४२ अंशांच्या पाण्यात ५० सेकंद धरायच्या, की परत बर्फात. ४२ अंशांचं आमच्याकडे अप्रूप नाही. बर्फ मात्र बस स्टँडवरच्या रसवंतीतून आणावा लागतो. पुढे रात्रभर इन्क्युबेटर चालणं लाइनवाल्यांच्या मर्जीवर.

सकाळी नुसत्या अँपिसिलिन ह्या प्रतिजैविकाच्या प्लेटवर पांढरट ठिपके होते. तेच जिवाणू, पण जिथे अ‍ॅरॅबिनोज साखरही घातली होती तिथे अतिनील टॉर्च मारताच हिरवेगार. साखर हे त्या जनुकाचं बटन. ह्या चमकणाऱ्या प्रथिनाचं मला अजून नवल वाटतं. २३८ अमिनो आम्लांची साखळी ११ पट्ट्यांचं पिंप होऊन बसते, आणि पिंपाच्या पोटात ६५, ६६, ६७ क्रमांकाची सेरीन, टायरोसीन, ग्लायसीन आपसात जुळून रंगद्रव्य बनवतात. बाहेरून लागतो फक्त ऑक्सिजन, दुसऱ्या कुठल्या एन्झाइमची मदत नाही. म्हणूनच १९९४ मध्ये शास्त्रज्ञ मार्टिन चाल्फींना ते जिवाणूत आणि कृमीत चमकवता आलं. हे जनुक १९९२ मध्ये हाती आणणारे डग्लस प्रॅशर मात्र ह्याच प्रथिनासाठी २००८ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा मोटारींच्या शोरूमची व्हॅन चालवत होते. पोरं प्रथिनापेक्षा ह्या गोष्टीतच जास्त रमतात.

एका मुलीचे वडील तिला न्यायला आले होते, मोटारसायकलला कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या बांधून. लेकीनं प्लेट दाखवली. त्यांनी टॉर्च हातात घेऊन दोनदा लावला, विझवला.

"सर, हे आमच्या बियाण्यात काऊन नाई टाकत? थैली फोडली का बत्ती मारून पाहाची, असली का नकली. मागच्या साली मले चांगलंच फसवलं."

म्हटलं, "काका, उजेडावरून फक्त जनुक आत आहे एवढं कळतं. उगवण किती, संकर कोणता, ते नाही. आणि असं बियाणं आणायचं तर मंजुरी वेगळी लागते."

उत्तर बरोबरच होतं, तरी रात्री टोचत राहिलं. कारण बीजी-टू, म्हणजे बोंडअळीविरुद्धची दोन बीटी जनुकं घातलेल्या कपाशीत, खूण आधीपासूनच आहे! २००६ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या ह्या कपाशीत दुसऱ्या बीटी जनुकासोबत गस एन्झाइमचं जनुकही बसवलेलं आहे. एक्स-ग्लूक नावाच्या द्रावणात पानाचा तुकडा रात्रभर ३७ अंशांना ठेवला आणि अल्कोहोलनं हिरवा रंग काढला, की गस असेल तिथे निळा डाग दिसतो. तुकडा मरतो तो मरतोच. ही खूण शास्त्रज्ञानं स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली. शेतकऱ्याला ती दिसावी असं कोणाच्या मनातही नसणार. बीटी प्रथिन ओळखणारे किट नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं केलेले आहेत, पण आमच्या इथल्या कृषी केंद्रांच्या काउंटरवर मी तरी एकही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीनं मागच्या सालची उरलेली सरकी आणून टेबलावर ठेवली. "बाबांनी तपासायले सांगितलं."

निळं आलं तरी त्यांचं समाधान होईलच असं नाही. थैली बीटी असूनही उगवणीला भिकार असू शकते. एक्स-ग्लूकची मागणी भरून दिली, तर ऑफिसातून विचारणा आली, "सिलॅबसमध्ये आहे काय?" आता शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टखाली बसवून अर्ज पुन्हा पाठवलाय. प्रोजेक्ट त्या मुलीलाच दिलाय.