लाईट गेल्यावर टाकीतले पाणी कुठे जाते?

घरात प्रवाळांची टाकी आहे असे कळले की माशांची नावे विचारण्याआधीच लोक विचारतात : फ्लॅटमध्ये चारशे लिटर खारे पाणी ठेवता, मग लाईट गेली आणि पंप बंद पडला तर ते घरभर होत नाही का? पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहते हे सर्वांना ठाऊक असल्याने प्रश्न रास्त आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी विचारला तर अधिकच रास्त. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पूर टाळण्याचे काम उपकरणांवर सोपवायचे नसते. ते टाकीच्या मापांवर सोपवायचे असते. वरच्या टाकीतले पाणी एका जाळीदार कडेवरून ओसंडते, पाइपातून कॅबिनेटमधल्या खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये उतरते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप थांबला की वरची पातळी कडेपर्यंत खाली येते, पण रिटर्न पाइपाचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर त्याच पाइपातून सायफन सुरू होतो आणि तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत तो थांबत नाही. माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे पातळीतल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ७.२ लिटर पाणी. तोंड ४ सेंटिमीटर खोल ठेवले तर जवळजवळ २९ लिटर खाली येईल, आणि ९० बाय ४५ च्या संपमध्ये तेवढ्याने पातळी ७ सेंटिमीटर चढेल. शिवाय कडेपलीकडे पाणी ओसंडते त्या ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले आणि पाइपांतले पाणी वेगळेच. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. प्लंबर यावर हमखास एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह सुचवतात, पण खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्यावर कॅल्शियमचे थर बसतात, कधी एखादी गोगलगाय अडकते, आणि तो पूर्ण मिटत नाही. पाइपाला हवेसाठी पाडलेले भोकही शेवाळाने बुजते. म्हणून मी तोंडच पृष्ठभागालगत ठेवते.

उलट संकटाचा विचार मात्र फार कमी लोक करतात. खाली येणारा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला तर संपमधल्या रिटर्न कप्प्यातले, म्हणजे पंप बसवलेल्या कप्प्यातले सगळे पाणी वर जाते. माझ्या कप्प्यात साधारण १६ लिटर वापरता येण्याजोगे पाणी असते. त्यातही घात असा की कप्पा रिकामा होऊ लागला की बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या टॉप-अपच्या फ्लोट स्विचला पाणी आटले असे वाटते आणि तो गोडे पाणी सोडतच राहतो. म्हणून ते पाणी फक्त १५ लिटरच्या डब्यातून येते, आरओच्या नळाला थेट जोडलेले नाही. दोन्ही मिळून ३१ लिटर, म्हणजे वर सव्वाचार सेंटिमीटर. माझी पातळी काठाखाली ५ सेंटिमीटर आहे. सगळा डबा रिकामा झाला तरी क्षारता, म्हणजे हजार भाग पाण्यातले मिठाचे भाग, ३५ वरून ३४ च्या थोडी खाली येईल, आणि एवढा बदल प्रवाळ सोसतात. नळ जोडलेला असता तर टाकीही गेली असती आणि फरशीही.

एक पाइप तुंबला तरी पाणी उतरत राहावे म्हणून खाली येणारे पाइप दोन आहेत. एक पाण्याने पूर्ण भरून वाहतो आणि गेट व्हॉल्व्हने आवळलेला असतो. दुसऱ्याचे तोंड थोडे वर असते आणि त्याला व्हॉल्व्ह मुळीच नसतो, कारण संकटकाळच्या वाटेवर बंद करता येईल असे काहीही नको. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की बहुधा पितळेचा हातात देतात. तो घेऊ नका. पितळेतले तांबे अत्यल्प प्रमाणातही प्रवाळांना आणि कोळंबीला मारक ठरते, म्हणून पीव्हीसीचाच शोधावा लागतो. काचेच्या भोकात पाइप जोडणाऱ्या टँक निपलचा रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, चकतीखाली बसवावा, आटे हाताने आवळून वर थोडासाच पीळ द्यावा, आणि गळतीच्या भीतीने सिलिकॉन थापू नये. व्हॉल्व्ह आणि पंपाजवळ युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारे सांधे लावले तर सफाईसाठी पाइप कापावा लागत नाही, आणि ज्या पाइपाची सफाई सोपी असते त्याचीच सफाई होते.

हे सगळे मीठ मिसळण्यापूर्वी, साध्या पाण्यावर आणि तुम्ही समोर उभे असताना तपासा. आधी मेन स्विच बंद करून संपमध्ये पाणी कुठवर चढते ते पाहा आणि काचेवर चालू पातळीची रेघ ओढा. त्या रेघेच्या वर संप कधीही भरायचा नाही. मग मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसरा पाइप एकटा सगळा प्रवाह पेलतो का ते पाहा. शेवटी दोन्ही तोंडे बंद करा, टॉप-अपचा डबाही रिकामा होऊ द्या आणि वरच्या काठाशी पाणी थांबते का, ते पाहा. शेवाळ पाइपाच्या आतून वाढतच असते, त्यामुळे पहिल्या दोन चाचण्या मी गावाला जाण्याआधी प्रत्येक वेळी पुन्हा करते.