तुम्ही विचारलंत म्हणून: रोजची सॅक कोणती घ्यावी?

दर जूनमध्ये आमच्या ऑफिसात नवी मुलंमुली रुजू होतात आणि आठवड्याभरात जेवताना कोणीतरी विचारतंच, "ताई, रोजच्यासाठी सॅक कोणती घेऊ?" मी २१ वर्षं डोंबिवलीहून फास्ट पकडून घाटकोपरला उतरते. तिथून चकाल्याला आधी बसने जायचे, २०१४मध्ये मेट्रो आली तेव्हापासून मेट्रोने. एवढ्या काळात सहा सॅक झाल्या, म्हणून मला विचारत असावेत.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. एकाच कंपनीच्या दोन सॅकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी स्वतः वापरून पाहिलंय. त्याऐवजी मी एक काम सांगते. डबा, भरलेली बाटली, छत्री, लॅपटॉप, चार्जर असं रोजचं सगळं सामान घेऊन दुकानात जा. तिथेच सॅक भरा, पोटाशी उलटी अडकवा आणि खाली बघा. आपली पावलं दिसली, तर पुढचं बोलू.

सकाळच्या गाडीत सॅक पाठीवर राहतच नाही. चढतानाच ती पुढे घ्यावी लागते, नाहीतर मागचीच्या तोंडावर आपटते आणि उतरताना गर्दीत अडकून राहते. घाटकोपरला उतरायचं म्हणजे मागून रेटा, समोरून चढणाऱ्यांची घाई, आणि गाडी नि फलाटाच्या मधली फट. त्या दोन-तीन सेकंदांत पाय कुठे पडतोय हे दिसायलाच हवं. माझी दुसरी सॅक ३० लिटरची होती, पुढच्या बाजूला दोन फुगीर कप्पे. ती पोटावर घेऊन उतरताना मला फलाटाची कड दिसली नाही. पाऊल तिरकं पडलं, घोटा मुरगळला, आणि मागच्या बाईंनी दंड घट्ट धरला म्हणून त्या फटीत गेले नाही. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला, पण तेव्हापासून मी लिटर विचारायचं सोडलं आणि जाडी बघायला लागले. भरल्यावर सॅक वीतभरापेक्षा जाड होता कामा नये. उंची थोडी जास्त चालते, फक्त पुढे घेतल्यावर वरचं टोक हनुवटीला टेकू नये. २० लिटरच्या आसपासच्या उभ्या, चपट्या सॅकमध्ये माझं सगळं मावतं. त्यासाठी गोल डबा सोडून चपटा घेतला, एवढंच.

मुलांच्या दप्तराला नियम आहे. २०२०च्या स्कूल बॅग धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नको असं म्हटलंय. मोठ्यांना कोणी नियम घालून दिलेला नाही, म्हणून एका रविवारी मी आपलं ओझं काट्यावर ठेवलं. लॅपटॉप दीड किलो, पाण्याची बाटली १ किलो १०० ग्रॅम, डबा ९०० ग्रॅम, छत्री ३५०, चार्जर ३००. आणि नुसती रिकामी सॅक ९५० ग्रॅम! एकूण ५ किलो १०० ग्रॅम. मधला जाड फोम आणि न वापरलेले चार कप्पे मी रोज वाहत होते. आताची सॅक रिकामी ६५० ग्रॅमची आहे. संध्याकाळी खांद्याला तो फरक कळतो.

कापडाचं म्हणाल तर लेबलवर ४२०डी, ६००डी असं लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनियर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण नायलॉन आणि पॉलिएस्टर यांचे आकडे एकमेकांशी लावून बघू नका, त्याच जाडीचं नायलॉन साधारणपणे जास्त चिवट असतं. शिवाय कापड फाटून सॅक गेली असं माझ्या बाबतीत एकदाही झालं नाही. गेली ती शिलाईत नाहीतर चेनमध्ये. आमच्या स्टेशनबाहेर सॅक दुरुस्त करणारे एक काका बसतात. माझा तुटलेला पट्टा शिवताना त्यांनी दाखवलं, की पट्टा पाठीला जिथे जोडलाय तिथे तो आत खोलवर घेतलेला हवा आणि त्यावर चौकोन करून मध्ये फुली अशी टीप हवी. नुसती एक सरळ टीप असेल तर ठेवून द्या. चेनचा रनर कोपऱ्यावरून एका हाताने दहा वेळा फिरवून बघा. कोपऱ्यात अडला, तर गाडीत दुसरा हात दांडीवर असताना तो हमखास अडणार.

पावसाबद्दल सगळे विचारतात. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या सॅकमध्येही पाणी शिरतं ते सुईच्या भोकांतून आणि चेनीतून. रेनकव्हर पुढची बाजू झाकतं, पाठीवरून ओघळणारं पाणी त्याला अडवता येत नाही. लॅपटॉपला जाड प्लास्टिकची पिशवी हाच माझा उपाय. आणि सॅक ओली ठेवू नका. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, आपल्या दमट हवेत तो हळूहळू चिकट होतो, मग पोपडे सुटतात आणि वास येतो. पावसाळ्यात मी घरी आल्या आल्या सॅक रिकामी करते, सगळ्या चेना उघडते आणि पंख्याखाली उलटी टांगते.

मेट्रोने जाणाऱ्यांनी पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावावं, तपासणीच्या मशीनच्या रोलरमध्ये ती अडकतात.

परवा ज्या मुलीने विचारलं, तिचा डबा तीन पुडांचा गोल आहे आणि तो तिच्या आजीचा आहे, त्यामुळे बदलणार नाही म्हणाली. मला ते पटलं. शनिवारी आम्ही दोघी दादरला जाणार आहोत, तो डबा आणि भरलेली बाटली बरोबर घेऊन.