शब्बाथ शाळेच्या बाईंचं ऑपरेशन: वर्ग, घर आणि टाके

गर्भपिशवीचं ऑपरेशन तातडीचं नसलं की डॉक्टर विचारतात, "कधी करायचं?" शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, घेणाऱ्या बायांचं उत्तर ठरलेलं असतं: "व्हीबीएस होऊन जाऊ द्या." व्हीबीएस म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, म्हणजेच मे महिना. खान्देशात याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकलेला, दुपारी लाइट जाते, घामाने टाक्यांभोवती ओल राहते आणि ओल्या जागी पू धरायला वेळ लागत नाही. जरा चालायला-फिरायला लागावं तोवर जून उजाडतो. पेरणी सुरू, पोरांच्या शाळा सुरू, घरात हाताखाली कोणी मोकळं नाही.

तारीख आपल्या हातात असेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा धरावा. नाताळ आणि नवीन वर्षाची उपासना उरकलेली असते, हवा थंड असते, कपाशीची वेचणी बरीचशी आटोपलेली असते. नवापूर-नंदुरबारकडे तर दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोरंही सोबत जातात, त्यामुळे वर्ग तसाही लहान झालेला असतो. जानेवारीत टाके पडले तर होळीच्या सुमारास सहा-आठ आठवडे भरतात आणि झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) पोरांसमोर बसून गोष्ट सांगता येते. मात्र रक्तस्राव थांबत नसेल किंवा कॅन्सरच्या गाठीचा संशय असेल तर हे कॅलेंडर गुंडाळून ठेवा आणि डॉक्टर म्हणतील त्या दिवशी जा.

इथे मुख्यतः पोट उघडून केलेल्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं आहे, कारण आपल्याकडे बायांच्या बाबतीत तेच जास्त कानावर येतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं असेल तर एक-दोन आठवड्यांत हलकी कामं जमतात. मोतीबिंदूचे नियम वेगळे: धूळ, खडू, चुलीचा धूर टाळायचा आणि थेंब वेळच्या वेळी घालायचे. आणि नुसतं पांढरं पाणी जातं म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तयारीतल्या दोन गोष्टी आपल्या भागात विसरून चालत नाहीत. पहिली सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी. भिल, मावची, पावरा कुटुंबांत हा आजार किंवा त्याचा वाहकपणा बऱ्यापैकी आढळतो. साध्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून खात्री होते. सिकलसेल असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलंच पाहिजे, कारण अंगातलं पाणी कमी झालं, ऑक्सिजन कमी पडला किंवा थंडी भरली की अशा रुग्णाला त्रास वाढतो. दुसरी गोष्ट उपासाची. मंडळी (चर्चची माणसं) प्रेमाने "ताईंसाठी तीन दिवस उपास-प्रार्थना" जाहीर करते आणि ताईही धरतात. मंडळीने खुशाल धरावा, ताईंनी धरू नये. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवायचंच असतं, ते डॉक्टरांच्या वेळेप्रमाणे ठेवावं. त्याआधी तीन दिवस पोट रिकामं ठेवून अशक्त होण्यात काही अर्थ नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचंच.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं संरक्षण आता मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन यादीत आहे का, हा दवाखाना योजनेत आहे का, हे दोन्ही प्रश्न भरती होण्याआधी विचारा. नवापूरची माणसं व्यारा-सुरतेला जातात. आयुष्मान कार्ड राज्याबाहेर चालतं, पण दवाखाना यादीत असला तरच. शब्बाथ शाळेच्या दानपेटीतून या खर्चाला हात लावू नये. मंडळीने मदतीची वर्गणी वेगळी काढावी, वेगळ्या वहीत लिहावी.

आता वर्ग. "कोणीतरी घेईल" असं म्हणून सोडलेला वर्ग तिसऱ्या रविवारी नुसता गाण्यांचा होतो आणि पाचव्या रविवारी मोठी पोरं येईनाशी होतात. बदली बाई बायबल उघडून अध्याय वाचतात, 20 मिनिटांत सगळं संपतं, उरलेल्या वेळात तेच अभिनयगीत चौथ्यांदा. दोष त्यांचा नसतो, हातात काही दिलेलंच नसतं.

म्हणून सहा रविवारांची सहा पाकिटं करा. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी ती तयार हवीत, कारण शेवटच्या आठवड्यात तपासण्यांतच दिवस जातो. प्रत्येक पाकिटावर तारीख, गोष्ट आणि पाठ करायचं बायबलचं वचन. आत गोष्टीची पाच चित्रं क्रमाने आणि प्रत्येक चित्रामागे दोन-तीन वाक्यं, म्हणजे चित्र पोरांकडे धरलं की वाक्यं सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. सोबत तीन प्रश्न. रंगवायचा कागद मोजून: पटावर 24 मुलं असतील तर 30 प्रती, कारण धाकटी भावंडं बोट धरून येतातच. खडूची पेटी चार मुलांत एक, म्हणजे सहा. वेळेची चिठ्ठीही घाला: हजेरी-प्रार्थना 5 मिनिटं, गाणी 10, गोष्ट 15, वचनाचं पाठांतर 5, रंगकाम 10. सहाही गोष्टी सोप्या निवडा. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला, चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती. 2 राजे 5 मधली नामानाच्या घरची लहान मुलगी. निर्गम 17 मध्ये मोशेचे हात धरून ठेवणारे अहरोन आणि हूर. या तिन्हींत दुसऱ्याच्या दुखण्याला किंवा थकव्याला धावून जाणारी माणसं आहेत, आणि या दिवसांत पोरांना तेच कळायला हवं.

हजेरीवहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक मुलापुढे लिहा: घर कुठे, फोन कोणाचा, न्यायला कोण येतं, कोणाला फेफरं येतं, कोणाला दमा आहे, कोणाला शेंगदाणा चालत नाही. हे सगळं बाईंच्या डोक्यात असतं आणि बाई भूल घेऊन झोपलेल्या असतात. ख्रिस्ती नसलेल्या घरांतून येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांची लेखी परवानगी याच वहीत चिकटवा. बदली बाईंना मागाहून कोणी विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर असतं.

बदलीला दोन मोठी माणसं लागतात, एक नव्हे. पोरांसोबत कोणीही एकटं बंद खोलीत नसावं, हा नियम बाई असताना पाळला जातो आणि बाई नसताना पहिला मोडतो. एक जण आजारी पडला तर त्या रविवारी वर्ग मंदिरातच, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांसमोर घ्या. काही गैर कानावर आलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "ताई बऱ्या झाल्या की बघू" म्हणून ते थांबवता येत नाही. मुलांसाठी हेल्पलाइन 1098. भाषेचंही बघा. बदली बाई जळगावच्या असतील आणि वर्ग नवापूरच्या पाड्यावर असेल, तर लहानग्यांना मराठी गोष्ट अर्धीच कळते. नववी-दहावीतली एखादी मावची बोलणारी मुलगी शेजारी बसवा, ती चित्र दाखवता दाखवता सांगेल.

पोरांना काय सांगायचं, हे आधी ठरवा, कारण ती पहिल्याच रविवारी विचारणार. "बाई गावाला गेल्या" असं सांगू नका. त्यांना घरी सगळं कळलेलं असतं. "प्रार्थना करा म्हणजे बाई पुढच्या रविवारी येतील" हे तर मुळीच नको. बाई आल्या नाहीत की सहा वर्षांचं पोर दोनच गोष्टी समजतं: आपली प्रार्थना कमी पडली, किंवा मागच्या वेळी आपण दंगा केला म्हणून बाई आजारी पडल्या. साधं सांगा: "बाईंच्या पोटाला दुखत होतं, डॉक्टरांनी औषध देऊन झोपवलं आणि दुरुस्त केलं. जखम भरायला बरेच रविवार लागतील." आणि "तुमच्यामुळे झालं नाही" हे वाक्य मुद्दाम उच्चारा, कोणी विचारलं नसलं तरी. बाईंच्या स्वतःच्या पोरांनाही हेच सांगायचं, फक्त दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, महिनाभर आधी नको. घरातलं दोन-तीन वर्षांचं मूल आईच्या अंगावर झेपावतं, म्हणून बाई बसल्या की पोटावर उशी हवीच. तीच उशी खोकताना, शिंकताना, हसताना दोन्ही हातांनी दाबून धरायची. टाक्यांवरचा ताण बराच हलका होतो.

घरी आणताना मोटारसायकल नको, एसटीची मागची सीटही नको. चारचाकीत पुढे बसवा आणि पट्टा व पोट यांमध्ये उशी ठेवा. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं. नुसतं पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. दुखण्यावरची गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नसते, ठरल्या वेळी घ्यायची असते, म्हणजे चालता येतं. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा. "विश्वासाने" तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडणाऱ्या मंडळीत एक-दोन तरी निघतात, त्यांचं ऐकू नका. परकराची नाडी उभ्या टाक्यांच्या वरच्या टोकावर घासते आणि तिथेच टाका चिघळतो. सहा आठवडे गाऊन किंवा सैल सुती कपडा, मंदिरात यायचं तरीही.

उचलायची मर्यादा सहा आठवडे साधारण 3-4 किलो. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो. पाण्याचा हंडा, गव्हाचा डबा, कडेवरचं पोर, वर्गातली सतरंजी, हार्मोनियम सगळं याच्या वर जातं. अगदी जड काम तीन महिने नाही. खाली मांडी घालून बसण्यापेक्षा जमिनीवरून उठताना पोटावर जोर येतो, म्हणून भाकरी ओट्यावर किंवा दुसऱ्याच्या हातची.

जेवणात पहिले काही दिवस मूगडाळीची खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, केळी, भरपूर पाणी. बद्धकोष्ठ झालं की कुंथावं लागतं आणि त्यानेच टाके ताणतात. शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा नंतर. डिंकाचे लाडू प्रेमाने येतात, दिवसाला एक पुरे. शुगर असेल तर तोही नको.

प्रार्थनेला घरी येणाऱ्यांबद्दल स्पष्टच लिहावं लागेल. संध्याकाळी पंधरा जण येतात, चार गाणी, तीन प्रार्थना, आणि घरची पोर किंवा सासूबाई पंधरा कप चहा करतात. सगळे गेल्यावर रुग्णाला ताप नाही ना, बघायला कोणाला उसंत नसते. पाळकांनीच (चर्चच्या धर्मगुरूंनीच) रविवारी जाहीर करावं: भेट दहा मिनिटं, एका वेळी चौघं, चहा नाही, सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवर प्रार्थना. महिला मंडळाने डबा द्यावा, पण रोज नको, आठवड्यातून तीन दिवस. रोजचा डबा दहा दिवसांत आटतो, तीन दिवसांचा दीड महिना टिकतो. चहा-डब्याहून जास्त उपयोग पाणी भरून देणाऱ्याचा आणि दळण आणणाऱ्याचा. पाळकांच्या पत्नीच शब्बाथ शाळा घेत असतील तर हे दुप्पट लागू. त्यांच्या घरी तसाही दिवसभर कोणी ना कोणी आलेला असतो.

ताप 100.4 च्या वर, टाक्यांतून पू, उग्र वासाचा स्राव, तासात पॅड भिजेल इतकं रक्त, लघवी न होणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही दिसलं की 108 ला फोन. प्रार्थना गाडीतही होते.

परत येण्याचा हिशेब असा. पहिले दोन आठवडे वर्गाचा विषयच नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपला म्यूट. तिसऱ्या आठवड्यापासून शनिवारी बदली बाईंचा एक फोन, 20 मिनिटांचा, त्याहून जास्त नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात जमलं तर उपासनेला या, खुर्चीवर बसा, वर्गात डोकावू नका, कारण पोरं गराडा घालतात आणि हात धरून ओढतात. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की खुर्चीत बसून फक्त गोष्ट, 15 मिनिटं. टाळ्या, उड्या, वाकणं असलेली अभिनयगीतं दुसऱ्याने घ्यावीत. जोरात गाताना पोट आवळलं जातं, ते थकवा आल्यावरच कळतं. पूर्ण वर्ग आठ आठवड्यांनंतर, आणि सतरंजी मोठ्या मुलांनी उचलायची.

बदली बाईंना मात्र त्या दिवशी "आता तुम्ही मोकळ्या" म्हणू नका. सहा रविवार वर्ग चालवल्यावर त्यांना पोरांची नावं, सवयी आणि रुसवे-फुगवे कळलेले असतात. 4 ते 7 वर्षांची मुलं त्यांच्याकडे द्या, मोठी तुमच्याकडे ठेवा, हजेरीवह्या दोन करा आणि दुसऱ्या वहीच्या मागच्या पानांवरही तीच माहिती उतरवून घ्या.