'लिटल' आणि 'अ लिटल': माझ्या कॉलेजच्या इंग्रजीचा अनुभव

बारावीला इंग्रजीत 100 पैकी 81 मार्क होते मला, आणि पुण्यात एफवाय बीएला आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की मला चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत आणि वाचलेला उतारा पण नीट कळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तासाला कळल्या. हे लिहितेय कारण मराठी मिडियममधून आलेल्या कितीतरी मुलामुलींचं नेमकं इथंच अडतं, आणि मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझं अख्खं पहिलं सेमिस्टर मागच्या बाकावर गप्प बसण्यात गेलं नसतं.

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातलं गाव. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे मी बारावीपर्यंत 12 वर्षं इंग्रजी शिकले. पण शिकले म्हणजे काय, तर सर धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, उत्तरं फळ्यावर लिहायचे आणि आम्ही ती वहीत उतरवायचो. अकरावी तर सगळी कोरोनात मोबाईलवरच गेली. बारावीचा लेखी पेपर 80 चा आणि 20 मार्क तोंडीला, त्या तोंडीची उत्तरं पण पाठ करून गेलो होतो सगळे. आणि अनसीन पॅसेज सोडवायची एक पद्धत आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते, प्रश्नातला एखादा शब्द पकडायचा, तो उताऱ्यात कुठे आलाय ते शोधायचं आणि ती ओळ जशीच्या तशी उचलून लिहायची. उतारा कशावर आहे हे न कळता पण मार्क पडतात. खरंच पडतात, माझे पडले होते.

कॉलेजला कंपल्सरी इंग्लिशच्या तासाला मॅडमनी एका दुष्काळी भागातल्या धरणावरचा उतारा दिला. त्यात एक वाक्य होतं, 'द डॅम डिड लिटल टू रिलीव्ह द ड्रॉट.' खाली प्रश्न, धरणाचा काय परिणाम झाला. मी लिहिलं की धरणामुळे दुष्काळात थोडा दिलासा मिळाला. मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. 'अ लिटल' म्हणजे थोडंसं, पण नुसतं 'लिटल' म्हणजे जवळजवळ काहीच नाही. 'अ फ्यू' आणि 'फ्यू' चं पण तसंच. त्या वाक्यातला एकेक शब्द मला येत होता हो, आणि तरी अर्थ बरोबर उलटा घेतला मी. आपल्या मराठीत अ, ॲन, द हा प्रकारच नाही, त्यामुळे ते वाचताना डोळा त्यांच्यावर थांबतच नाही, धूळ झटकल्यासारखे ते शब्द आपण बाजूला करतो.

मग मॅडमना कळलं मी लातूरची, तर म्हणाल्या, 'टेल अस अबाउट वॉटर इन लातूर.' मी उभी राहिले. आता बघा, त्या अख्ख्या वर्गात पाण्याबद्दल माझ्याइतकं सांगण्यासारखं कोणाकडेच नव्हतं. 2016 ला मी सहावीत होते, मांजरा धरण कोरडं पडलेलं, मिरजेहून लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणलं होतं, मावशीकडे पाण्याच्या टाकीपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि आमच्या गावात टँकर यायचा तेव्हा आम्ही पोरं शाळेतून पळत घरी जायचो घागरी लावायला. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं. पण मी मनात आधी मराठी वाक्य जुळवत होते, 'आमच्याकडे 2016 ला रेल्वेनं मिरजेहून पाणी...' आणि मराठीत क्रियापद येतं शेवटी, इंग्रजीत ते लागतं सुरुवातीलाच, तर माझं वाक्य मनातच उलटंपालटं होत राहिलं, तोंडातून फक्त 'इन आवर...' एवढं आलं आणि मी खाली बसले. त्या दिवशी रूमवर येऊन खूप रडले. शब्द येत नव्हते याचं तेवढं नाही वाटलं, आमची गोष्ट मला सांगता आली नाही याचं जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना स्टाफरूममध्ये जाऊन भेटले. मला वाटलं ग्रामरचं पुस्तक सांगतील. त्यांनी विचारलं, 'वाचतेस ते कोणाला सांगतेस का?' मी म्हटलं नाही. म्हणाल्या, 'मग वाचलेलं डोळ्यातच राहतं गं, तोंडात येत नाही. रोज एक पॅरा वाच आणि पुस्तक मिटून तोच पॅरा कोणाला तरी तुझ्या शब्दांत सांग. चुकीचं सांगितलंस तरी चालेल, पण सांग.' माझं इंग्रजी सुधारलं ते या एका गोष्टीनं, बाकीचं सगळं तिच्याभोवती आलं.

माझी रूममेट धुळ्याची, बीकॉमला, तिचं पण माझ्यासारखंच. आम्ही ठरवलं, मेसवरून जेवून आलं की 9 ते साडेनऊ हॉस्टेलच्या गच्चीवर फक्त इंग्रजी. पहिले तीन दिवस आम्ही 'हाऊ वॉज युवर डे, गुड, ॲन्ड युवर्स' एवढं बोलून नुसत्या चालत होतो, कारण बोलायला विषयच नसायचा. कॉन्व्हर्सेशन प्रॅक्टिस म्हणून लोक सांगतात ना, आरशासमोर बोला, स्वतःची ओळख करून द्या, मला त्याचा काहीच उपयोग झाला नाही, स्वतःची ओळख किती दिवस करून देणार. पण मॅडमच्या सांगण्याप्रमाणे पॅरा वाचून सांगायला लागलो तेव्हा बोलायला काहीतरी हातात आलं. ती मला तिचा पॅरा सांगायची, मी तिला दोन प्रश्न विचारायचे, मग उलटं. प्रश्न विचारताना अजून एक कळलं की आम्हाला प्रश्नच विचारता येत नाहीत. मराठीत वाक्याला 'का' जोडलं की झाला प्रश्न, म्हणून आम्ही अख्खं वाक्य तसंच ठेवून पुढे नुसतं 'व्हाय' नाहीतर 'व्हेअर' लावायचो, 'व्हाय यू आर लेट', 'व्हेअर शी वेंट'. 'व्हाय आर यू लेट', 'व्हेअर डिड शी गो' हे तोंडात बसायलाच महिना गेला.

दोन नियम केले होते आणि ते खूप कामाला आले. एक, समोरची बोलत असताना मध्ये चूक काढायची नाही, फोनमध्ये लिहून ठेवायची आणि साडेनऊनंतर सांगायची. कारण मध्येच टोकलं की पुढचं सगळं विसरतं, शाळेत हेच तर व्हायचं. दुसरा नियम, शब्द अडला तर तिथं मराठी शब्द टाकायचा आणि पुढे जायचं, थांबायचं नाही. 'देन माय फादर पुट द मोटार इन द विहीर' असं चालायचं. मग रात्री विहीर म्हणजे वेल हे बघितलं की तो शब्द परत कधीच विसरत नाही, कारण तो आपल्याला लागला होता.

आमच्या चुकांची यादी बघितली तर 'सांगणे, विचारणे' यातच निम्म्या चुका होत्या. आपण 'त्याला सांगितलं' म्हणतो म्हणून 'आय टोल्ड टू हिम', 'तिला विचारलं' म्हणून 'आय आस्क्ड टू हर'. दोन्हीकडे 'टू' नको. पण 'से' आलं की 'सेड टू हिम' असं 'टू' लागतं. मग 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', तिथं 'आय हॅव' पाहिजे. आणि वाक्याचा क्रम. त्याला आम्ही एक सवय लावली, कोणी आणि काय केलं एवढं आधी बोलून टाकायचं, बाकी नंतर जोडत जायचं. 'मी काल मैत्रिणीबरोबर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घ्यायला गेले' हे मनात पूर्ण जुळवायचं नाही, आधी 'आय वेंट', मग 'टू अप्पा बळवंत चौक', मग 'विथ माय फ्रेंड', मग कशाला ते. लहान लहान तुकडे. हे जमायला लागलं तसं मनातलं भाषांतर आपोआप कमी झालं.

उच्चारांचं थोडक्यात सांगते. आपल्याला झू आणि झिरो म्हणायची सवय आहे, पण आपल्या 'जरा' मधला ज इंग्रजी झेडच्या आवाजाच्या कितीतरी जवळ आहे, तो ज लावून बघा. 'डेव्हलप' मध्ये जोर मधल्या 'व्हे' वर आहे, 'वुमन' चं अनेकवचन 'विमिन'. ऐकायला मी व्हॉइस ऑफ अमेरिकाचं लर्निंग इंग्लिश वापरलं. त्यांनी 1959 मध्ये स्पेशल इंग्लिश म्हणून ते सुरू केलं होतं, साधारण 1500 शब्दांतच सगळी बातमी आणि वेग नेहमीच्या दोन तृतीयांश. इतकं सावकाश की त्यांच्या मागोमाग तेच वाक्य बोलता येतं. बसमध्ये इयरफोन लावून मी ओठ हलवत बोलायचे.

आता वाचनाबद्दल, कारण मला यातच सगळ्यात जास्त वेळ लागला. सुरुवातीला मी हौसेनं इंग्रजी पेपरचा अग्रलेख घ्यायचे, प्रत्येक ओळीत तीन शब्द अडायचे, डिक्शनरी बघून बघून एक परिच्छेद व्हायला तास जायचा आणि शेवटी विचारलं की काय लिहिलंय तर सांगता यायचं नाही. मग ठरवलं, एका पानात पाचापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक आत्ता माझ्यासाठी नाही, नंतर बघू. लायब्ररीतून शाळेच्या मुलांसाठीची सोपी गोष्टींची पुस्तकं आणली. आणायला लाज वाटत होती, काउंटरवरच्या काकांनी काही न बोलता शिक्का मारून दिली. ती एका महिन्यात सात वाचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याचा आनंद झाला, तो काय असतो ते ज्याला झालाय त्यालाच कळेल.

उताऱ्यांसाठी पेन्सिल घेऊन फक्त छोटे शब्द अधोरेखित करायला लागले. बट, ऑलदो, अनलेस, डिस्पाइट, रादर दॅन, हार्डली, ओन्ली. मोठे शब्द अडले तरी आजूबाजूवरून अंदाज येतो, पण 'अनलेस' चुकला की सगळं वाक्य फिरतं. 'अनलेस इट रेन्स' म्हणजे पाऊस पडला नाही तर, यात 'नाही' आतमध्ये दडलेलं आहे, ते दिसत नाही. मग प्रत्येक पॅराच्या बाजूला एक ओळ लिहायची, लेखक इथं काय म्हणतोय. पहिले दोन महिने मी ती ओळ मराठीत लिहिली आणि मला वाटतं ते बरोबरच होतं, कळणं आधी आणि इंग्रजीत सांगणं नंतर. कोणी म्हणतं ना की इंग्रजीतच विचार करा, अहो पण जे कळलंच नाही त्याचा विचार कुठल्याच भाषेत होत नाही. तिसऱ्या महिन्यापासून तीच ओळ इंग्रजीत लिहायला लागले, वाक्य मोडकं असलं तरी.

आणि ती जुनी ओळ उचलून लिहायची सवय मोडायला मी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सरावाचे उतारे घेतले, परीक्षा द्यायची नव्हती तरी. त्यात 60 मिनिटांत तीन उतारे आणि 40 प्रश्न असतात, आणि एक प्रकार असतो ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. म्हणजे विधान उताऱ्याशी जुळतंय, उताऱ्याच्या विरुद्ध आहे, की उताऱ्यात त्याबद्दल काही म्हटलेलंच नाही. यात शब्द जुळवून काहीच होत नाही, कारण शब्द मुद्दाम बदललेले असतात. मी सुरुवातीला 'नॉट गिव्हन' च्या जागी सगळीकडे 'फॉल्स' लिहायचे. लेखकानं सांगितलंय काय आणि मला आधीपासून माहीत आहे काय, यात मी गल्लत करत होते. दुष्काळाच्या त्या उताऱ्यात पण तसंच झालं असणार, धरण म्हटलं की दिलासा मिळतो हे माझ्या डोक्यात आधीच होतं.

दुसऱ्या सेमिस्टरला प्रेझेंटेशन होतं, पाच मिनिटं, विषय आपला. मी लातूरची पाण्याची रेल्वे घेतला. त्यावरच्या इंग्रजी बातम्या वाचल्या, प्रत्येक बातमी रूममेटला गच्चीवर सांगितली, तिनं इतके प्रश्न विचारले की तिला पण सगळं पाठ झालं. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर दर वाक्याला 'मीन्स' यायचं, ते घालवायला आठवडा गेला, 'मीन्स' च्या जागी नुसतं थांबायचं एवढंच. पेपर हातात न घेता उभी राहिले. 12 एप्रिल 2016 ला पहिली गाडी आली, 10 वाघिणी म्हणजे पाण्याचे डबे, साधारण 5 लाख लिटर पाणी, मिरजेहून जवळपास 340 किलोमीटर, हे सांगितलं. नंतर 50 वाघिणींची गाडी यायला लागली ते सांगितलं. मग गावातल्या टँकरचं सांगितलं, आईची रात्री दोनची पाळी, घागरींवर रंगानं लिहिलेली नावं. मध्ये 'पाळी' ला शब्द आठवला नाही, मी 'हर टर्न' म्हणायच्या ऐवजी 'हर नंबर' म्हटलं आणि पुढे गेले. शेवटी म्हटलं, 'द ट्रेन हेल्प्ड द सिटी, बट इट डिड लिटल फॉर आवर व्हिलेज.' मॅडमनी मान वर करून बघितलं. तो 'लिटल' मी त्यांच्यासाठीच ठेवला होता.

मग एका मुंबईच्या मुलीनं विचारलं, शाळा बंद व्हायच्या का तेव्हा, आणि मी उत्तर देता देता मला तिसऱ्या वाक्याला जाणवलं की मी हे तयार करून आणलेलं नाहीये.

आता टीवायला आहे. फोनवर अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलताना अजून अडखळते कारण समोरचं तोंड दिसत नाही, आणि अर्थशास्त्राची पुस्तकं वाचताना अर्ध्या पानाचं एक वाक्य आलं की परत पेन्सिल काढते. रूममेटची इंटर्नशिप सुरू झालीय, ती 9 ला येऊ शकत नाही, म्हणून आता आम्ही सकाळी साडेसहाला गच्चीवर जातो. सध्या तिचा ऑडिटिंगचा धडा चाललाय, आणि तिचं 'मटेरियल मिसस्टेटमेंट' मला काल दोनदा सांगून पण कळलं नाही, उद्या ती परत सांगणार आहे.